आमच्या गाडीचा दमा

डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढली की दुखणं पळून जातं, हा अनुभव तुम्हालाही असेल. आमच्या मोटारीला तो दर पंधरा दिवसांनी येई. गॅरेजच्या फाटकातून ती अशा दिमाखात आत शिरायची, की कालच कारखान्यातून सुटली आहे! गोष्ट १९८६ सालची. गाडी सेकंडहँड होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं कळेलच, दोष कंपनीचा नव्हता.

दुखणं असं. दादर ते फोर्ट गाडी उत्तम चाले. पण पुण्याला निघालो, पनवेल मागं टाकून साठ-पासष्टचा वेग धरला, की दहा-पंधरा मिनिटांत तिला धाप लागे. माझा पाय ॲक्सिलरेटरवर पार टेकलेला आणि वेगाचा काटा मात्र खाली खाली. साठ, पन्नास, चाळीस. मग दोन आचके देऊन ती रस्त्याच्या कडेला उभी. कोंबड्या भरलेला टेम्पो आम्हाला ओलांडून जाई आणि त्यातल्या कोंबड्यासुद्धा मागं वळून आमच्याकडं बघत. दहा मिनिटं विसावा दिला की गाडी ठणठणीत. एक्स्प्रेस-वे तेव्हा नव्हता, तो पुरा झाला २००२ साली. बोरघाट चढायचा तो जुन्या रस्त्यानं, ट्रकांच्या रांगेत. तिथं दम गेला तर मागच्या समस्त ट्रकवाल्यांकडून आमच्या कुळाचा उद्धार व्हायचा.

पहिल्या मेकॅनिकनं प्लग बदलले. दुसऱ्यानं पहिल्याला नावं ठेवून पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. तिसऱ्यानं कार्ब्युरेटर खोलून त्याची जेट तोंडानं फुंकली, आणि ते फुंकण्याचे पैसे वेगळे लावले. चौथा जरा विद्वान. "साहेब, पेट्रोल पुरत नाही," तो म्हणाला आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा त्यानं बदलला. काढलेला भाग प्रत्येक जण फडक्यावर ठेवून दाखवी, ऑपरेशननंतर सर्जननं मूतखडा दाखवावा तसा. मग शिवाजी पार्कला एक चक्कर. "बघा साहेब, विमान!" शिवाजी पार्कभोवती ती विमानच होती. रोग हमरस्त्यावरचा, आणि पनवेलच्या पुढं येऊन नाडी बघणारा वैद्य मला मिळाला नाही.

एक लक्षण मात्र मीच टिपलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली असली की धाप लवकर लागे, अर्धी असली की उशिरा. मी म्हटलं, बरोबर आहे, पोटभर जेवल्यावर मलासुद्धा जिना चढवत नाही.

टाकी फुल करण्याचा हुकूम अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आई गेल्यापासून त्यांनी एकेक करत सगळं सोडलं होतं. ब्रिज सोडला, कट्टा सोडला. धरून ठेवली ती गाडी. रोज सकाळी फडकं घेऊन खाली जायचे. पाणी, ऑइल, चाकांची हवा, सगळं त्यांच्याकडं. गाडी वाटेत बंद पडायला लागल्यावर ते पुण्याला ताईकडं यायचे थांबले. "माझ्याच तपासण्यात काही राहत असेल," एवढंच म्हणाले. शेवटी कंटाळून मी गाडी विकायची गोष्ट काढली. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फडकं मात्र खुंटीवरच होतं.

पुण्यात एक गिऱ्हाईक ठरलं. त्याला दाखवायला म्हणून मी आणि ही निघालो. खोपोलीच्या अलीकडं नेहमीचा कार्यक्रम झाला.

"अहो, पेट्रोल संपलं नाही ना?"

"काटा बघ की."

"काट्याचं नका सांगू. झाकण उघडून बघा."

बायकोची समजूत काढावी म्हणून उतरून झाकण फिरवलं, आणि 'फुस्स्‌स' करून टाकीनं एवढा मोठा श्वास आत ओढला की मी दचकून मागं सरलो.

"अगंबाई," ही म्हणाली, "ही तर हवेला आसुसली होती! तेलाच्या डब्याला मी दोन भोकं का पाडते? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. तुमच्या टाकीचं दुसरं भोक कुठाय?"

'मोटार म्हणजे स्वयंपाकघर नव्हे' हे वाक्य बारा वर्षांत मी तिला किती वेळा ऐकवलं होतं, ते आठवू नये म्हणून मी झाकण उलटं करून पाहू लागलो. दुसरं भोक तिथंच होतं, आणि एम-सीलनं लिंपलेलं होतं. गावात गाडी पेट्रोल घोटाघोटानं पिते, वाटेत दहा वेळा थांबते, तेवढ्यात कुठून तरी हवा झिरपते. साठच्या वेगाला ती घटाघटा पिते. पेट्रोल जातं, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंप बिचारा ओढून ओढून थकतो. टाकी भरलेली असली की वर मुळात हवाच थोडी, म्हणून पोकळी लवकर.

ते लिंपण पाहण्यासारखं होतं. कडा बोटानं गुळगुळीत केलेल्या. असं काम मी आमच्या मोरीच्या नळावर आणि गच्चीच्या पाइपावर पाहिलं होतं. पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून अण्णांनी केलेली काटकसर!

दोघंही काही बोललो नाही. टूलकिटमधल्या स्क्रूड्रायव्हरनं एम-सील खरवडलं, हिच्या केसांतल्या आकड्यानं भोक मोकळं केलं. गाडी बोरघाट न धापता चढली. गिऱ्हाईकाकडं आम्ही गेलोच नाही. लोणावळ्याला चिक्की घेता घेता अण्णांना काय सांगायचं ते ठरलं.

"पेट्रोलच्या नळीत कचरा होता, अण्णा. खोपोलीला एकानं काढला."

"मी म्हणत नव्हतो? किती घेतले?"

"पाच रुपये."

"शहाणा मेकॅनिक दिसतो," अण्णा म्हणाले. शहाण्या मेकॅनिकनं तोंडाला पदर लावला आणि रात्री ते पाच रुपये माझ्याकडून वसूल केले.

पुढच्या रविवारी अण्णा पुढच्या सीटवर बसून ताईकडं आले. त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी खालून हाक आली, "अरे, झाकणापाशी पेट्रोलचा वास येतोय. एम-सील कुठं आहे?"

"संपलंय, अण्णा," ही स्वयंपाकघरातून ओरडली आणि पाकीट तांदळाच्या डब्यात आणखी खाली दाबलं.