सहा चौकांचे घर

‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो बहुधा एखाद्या मोठ्या वाड्याचा मालक असावा. लहान घरातल्या माणसाला मोठ्या घराचा हेवा वाटतो; वासा कुठे पोखरला आहे हे मात्र आत राहणाऱ्यालाच ठाऊक असते! मोठ्या घराचे सुख किती आणि दुःख किती, याचा जमाखर्च मांडायचा असेल तर वाईजवळच्या मेणवलीस जावे. तिथला वाडा ज्यांनी बांधला ते नाना फडणीस म्हणजे साऱ्या पेशवाईचा जमाखर्च ठेवणारे गृहस्थ.

वाईहून मेणवली अवघी तीन-चार किलोमीटरांवर आहे. कृष्णेचा वळणदार दगडी घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर तिकडून आलेली ती प्रचंड घंटा, हे सारे लोक हौसेने पाहतात. वाड्यात मात्र पाच मिनिटांत चक्कर मारून बाहेर पडतात. मी भर वैशाखात, दुपारी गेलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होते. दिंडीतून वाकून आत शिरलो, देवडी ओलांडली, आणि अंगावर कुणी ओला पंचा टाकावा तसे वाटले.

या गारव्यात जादू काही नाही. भिंती हातभर नव्हे, चांगल्या दोन-अडीच हात जाड. दिवसाचे ऊन त्यांच्या पोटात मुरेपर्यंत सूर्य मावळतीला लागतो. बाहेरच्या अंगाला खिडक्या थोड्या, म्हणून झळ नाही आणि चोराचे भय नाही. उजेड आणि वारा येतो तो मधल्या चौकातून. तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि पडवीत बसलेला माणूस सुखाने पान जमवत राहतो. असे सहा चौक इथे आहेत. कारभाराचा गलबला एका चौकात, स्वयंपाकाचा धूर दुसऱ्यात. बाळंतिणीला निवांत खोली, आजाऱ्याला वेगळी, आणि एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन भावांनाही एकाच छपराखाली जन्म काढता येईल एवढी ऐसपैस जागा!

मोठ्या घराचा आणखी एक गुण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मोठे घर काही टाकून देत नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जुनी कागदपत्रे दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. मेणवलीला नानांच्या वेळचे मोडी कागदांचे दफ्तर पडून राहिले, कारण त्याची जागा कुणाला हवीच नव्हती. पुढे ते द. ब. पारसनिसांसारख्या संग्राहकाच्या हाती लागले आणि ‘मेणवली दफ्तर’ म्हणून इतिहासकारांच्या कामी आले. अडगळीच्या खोलीने मराठ्यांच्या इतिहासावर केलेले हे उपकारच म्हणायचे.

आता खर्चाची बाजू. चौक आले म्हणजे ते झाडणे आले, सारवणे आले, प्रत्येक देवळीत तिन्हीसांजेला पणती लावणे आले. पावसाळ्यापूर्वी कौले परतली नाहीत तर श्रावणात माजघरात पातेली मांडावी लागतात. वाळवी एका तुळईत शिरली की चार खण धोक्यात येतात. इतक्या लाकडाच्या घराला आगीचे भय तर सदाचेच. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. १८२८ च्या आगीत त्या वैभवातले उरले काय, तर तट, दरवाजे आणि जोती. आणि घर टिकले तरी मालक टिकतो असे थोडेच आहे? दुसऱ्या बाजीरावाने विश्रामबागवाडा हौसेने बांधला तो १८०७ च्या सुमारास. १८१८ त पेशवाई गेली आणि त्याचा विश्राम ब्रह्मावर्ताला गेला!

नाना १८०० साली वारले. मागे राहिली कोवळ्या वयाची विधवा जिऊबाई. पुष्कळ हाल सोसल्यावर ती मेणवलीस येऊन राहिली. त्या रिकाम्या चौकांतून फिरताना मला नानांच्या मुत्सद्देगिरीपेक्षा तिचीच आठवण अधिक झाली. नोकरचाकर असतील, पुजारी असतील. पण रात्री कुठे दार वाजले तर ‘कोण आहे?’ म्हणून विचारायला हक्काचे माणूस कोण? घर जितके मोठे तितका एकटेपणाही मोठा.

माझे स्वतःचे लहानपण पुण्यात एका वाड्यात भाडेकरू म्हणून गेले. आमच्या वाट्याला दोन खोल्या, आणि चौक मात्र साऱ्यांचा. नळावर भांडणे होत, पण कुणाच्या घरी ताप आला तर चार घरांतून पेज येई. त्या मोठ्या घराचे सगळे सुख आम्ही भोगले; दुःख मालकांच्या वाट्याला गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी थिजवली. भाडेकरू रस्त्यावर आला नाही, हे खरे. पण त्या भाड्यात कौलेसुद्धा बदलता येईनात. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी शहरात शिरले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मातीच्या ढेकळासारखे विरघळले. जे वाचले त्यांतल्या बहुतेकांच्या जागी आज सदनिका उभ्या आहेत.

वाडा पाडला की आपण हळहळतो. हळहळावेच, पण वारसाला बोल लावण्यापूर्वी, जून महिन्यात त्या छपरावर कोण चढणार, एवढे स्वतःला विचारावे. सहा चौक बांधताना नानांनी माणसे गृहीत धरली होती. माणसे असतील तर मोठे घर सर्वांना सावली देते. ती गेली की उरलेल्या एकट्यादुकट्याला ते राबवून घेते.

वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला जाल तेव्हा मेणवलीची वाट जरूर धरा. घाटावर फोटो काढा, पण वाड्यासाठी दुपारचा एक तास राखून ठेवा. पडवीत नुसते बसा. गारवा वाटेल तोवर वाड्याचे आभार माना, आणि निघण्यापूर्वी एकदा मान वर करून त्या तुळया मोजा. मग आपल्या दोन खोल्यांवरचा राग पुष्कळसा निवळलेला असेल.