जांभळ्या रंगाची साक्ष

पेशींवर पिवळं एमटीटी घालायचं, प्लेट फॉइलमध्ये गुंडाळून ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि तीन-चार तास वाट पाहायची. जिवंत पेशींतली विकरं त्या पिवळ्या क्षाराचं क्षपण करतात आणि तळाशी सुईसारखे जांभळे स्फटिक जमतात. डीएमएसओ या द्रावकात ते विरघळवले, की ५७० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजायची. टिम मॉसमन यांनी १९८३ साली मांडलेली ही पद्धत भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत आजही रोज वापरात आहे.

पण हा रंग पेशींची गणती करत नाही, त्यांचं काम मोजतो. औषधाने मंदावलेल्या पेशी जिवंत असूनही फिका रंग देतात. उलट आवळ्यासारख्या वनस्पतींच्या अर्कातली क्षपणकारक द्रव्यं एकही पेशी नसताना एमटीटी जांभळं करू शकतात. म्हणून अर्काचा नमुना आला, की पेशींविना फक्त अर्क आणि एमटीटी घातलेले वेल (प्लेटमधले छोटे खळगे) मी ठेवतेच. तो नियंत्रण-प्रयोग नसलेला आलेख कितीही देखणा असो, माझा त्यावर विश्वास बसत नाही. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ वेलमधलं पाणी लवकर उडतं. तिथे आम्ही नुसतं बफर भरतो.

अशी चाचणी हाताशी नसतानाही औषधं शोधली गेली. शेजारच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. तिथे तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीनाशक मिळवलं. हमायसिनच्या कुळातली औषधं बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतात. आपल्या पेशींच्या पटलातलं कोलेस्टेरॉल त्याचं जवळचं भावंड. म्हणूनच बुरशी मरेल आणि माणसाची पेशी वाचेल अशी मात्रा शोधणं अवघड. त्या काळी एमटीटी पद्धत नव्हती. आज असं औषध हाती आलं, तर पहिल्याच आठवड्यात ते या प्लेटवर येईल.

वैद्यकीय उपकरणांच्या प्लास्टिकचे अर्कही आम्ही याच पद्धतीने उंदराच्या एल९२९ पेशींवर तपासतो. आयएसओ १०९९३-५ या मानकानुसार पेशींचा जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला, तर नमुना पेशींना घातक मानला जातो. अडुसष्ट किंवा बहात्तर आलं, तर नुसत्या आकड्यावर निकाल द्यायला माझं मन धजत नाही. म्हणून एमटीटी घालण्याआधीच प्रत्येक प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, असा माझा आग्रह आहे. डीएमएसओ पडल्यावर पाहायला काहीच उरत नाही. किती पेशी गोल झाल्या, किती तळापासून सुटल्या, हे अहवालात टक्केवारीच्या शेजारी लिहिलं जातं.