डोळ्याचें माप

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीचें रंगकाम अनेक हातांखालून जातें. डोळ्यांची आखणी मात्र सिद्धहस्त कारागिराकडेच सोंपविली जाते. कुंचला केसभर चळला तर देवाची मुद्राच पालटते. तरी तो रंग पुसतां येतो. माणसाच्या डोळ्यावर लेसरनें कोरलेलें कांहीं पुसतां येत नाहीं.

अलीकडे पेण-रोह्याकडील मध्यमवर्गीय घरांत, लग्नाचीं बोलणीं सुरू होण्यापूर्वीं मुलींचा चष्मा घालविण्याची घाई आम्ही पाहतों. पनवेल-मुंबईस जावयाचें ठरतें, आणि पहिला प्रश्न असतो, यंत्र किती नवें? आमच्या मतें हा प्रश्न दुय्यम आहे.

एक्सायमर लेसर शेजारचा भाग न भाजतां शरीराच्या ऊतींचे अत्यंत पातळ थर काढूं शकतो, हें मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन् व त्यांचे अमेरिकेंतील सहकारी यांनीं 1981 सालीं दाखविलें. परंतु यंत्र सांगितलें तेवढेंच कोरतें. आणि त्यास सांगणारें असतें तें माप.

हिशेब पाहावा. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा मध्यभागीं सामान्यतः 540 मायक्रॉनच्या आसपास असतो. 'लॅसिक' पद्धतींत सुमारें 110 मायक्रॉनचा पापुद्रा झांकणासारखा उचलतात, व त्याखालीं दर नंबरामागें स्थूलमानानें 12 मायक्रॉन कोरतात. तळाशीं निदान 250 उरावेत, असा संकेत आहे. आतां एखाद्या मुलीचा पडदा 480 चा व नंबर 9 असला, तर उरतात 262. मोजणींतच 20 ची चूक असली तर? दुबळा झालेला पडदा पुढें फुगूं शकतो, आणि मग साध्या चष्म्यानेंही नीट दिसत नाहीं. शिवाय कॉन्टॅक्ट लेन्सनें पडद्याचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून मोजणीपूर्वीं ती कित्येक दिवस काढून ठेवावी लागते. मुहूर्ताच्या घाईंत नेमकें हेंच पथ्य मोडतें.

म्हणून पालकांनीं विचारावें तें हें : मोजणी किती वेळां झाली, आंकडे जुळले काय, आणि वर्षभर नंबर स्थिर आहे काय? आणि मोजून झाल्यावर डॉक्टर "नको" म्हणाले, तर दुसरें दार ठोठावूं नये. तोहि मापाचाच निष्कर्ष आहे. चष्म्याची सून नको म्हणणाऱ्या घराची समजूत घालणें हें काम लेसरचें नव्हे, आपलें आहे.