पुरून ठेवलेले धन

संगणकांच्या दुरुस्तीवर मी आजवर उदरनिर्वाह करीत आलो आहे. हार्ड डिस्क बंद पडली की कुणाचे हिशेब, कुणाची छायाचित्रे, तर कुणाच्या दिवंगत आईचा आवाज तिच्यात अडकून राहतो. तिचे सर्किट बोर्ड जळाले असता तसलेच दुसरे लावून बहुधा भागत नाही. कारण त्या एकाच डिस्कला लागू पडणारी मोजमापे जुन्या बोर्डावरील एका चिमुकल्या चिपमध्ये नोंदलेली असतात. ती चिप उतरवून नव्या बोर्डावर जडवावी लागते. ही खूण माझ्या हाताखालच्या मुलापासून मी दोन वर्षे लपविली. तो चहा आणावयास गेला म्हणजे मी ते काम उरकून घेई.

एके रात्री या यंत्राच्या जन्माची हकीकत वाचनात आली. अमेरिकेत संत योसेफाचेच नाव धारण करणारे सॅन होझे नावाचे शहर आहे. तेथे 1952 साली रेनॉल्ड जॉन्सन या एकेकाळच्या शाळामास्तरांनी आयबीएमची प्रयोगशाळा उभारली. 1956 साली तेथून पहिली डिस्क बाहेर पडली: 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, आणि त्यांवर मावणारी अक्षरे अवघी 50 लाख! तिच्या रचनेच्या पेटंटासाठी विल्यम गोडार्ड व जॉन लिनॉट यांनी 1954 साली केलेला अर्ज 1970 साली फळास आला.

पेटंट म्हणजे कुलूप, अशी माझी समजूत होती. वस्तुतः संशोधकाला आपली युक्ती आकृत्यांसह अशी उघड लिहून द्यावी लागते की, दुसऱ्या जाणत्या कारागिराला ती करता यावी. त्याबदली त्याला ठरावीक मुदतीचा हक्क मिळतो. मुदत सरली की ती युक्ती सर्वांची. आणि मी? शुभवर्तमानातील धन जमिनीत पुरून ठेवणारा तो चाकर मला आठवला, आणि झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी मुलाला शेजारी बसवून मी सारे दाखविले. "काका, एवढेच होते?" तो म्हणाला. मी मान खाली घातली. भंगारातल्या बोर्डांवरील दोन चिपा त्याने बिघडविल्या. तिसरी नीट बसली.

नाझरेथच्या त्या सुतारशाळेत संत योसेफाने बाळ येशूपासून एखादी खूण लपविली असेल, असे मनात तरी आणवेल काय?