दारोच्या काठी भाड्याचं घर

ग्रॅनाडा म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचं गरनाता. तिथे कुटुंबासह चार दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर हॉटेलपेक्षा भाड्याचं घर बरं. हलाल जेवणाचा प्रश्न आपल्याच चुलीवर सुटतो. घर कुठे घ्यावं, तर अल्बाइसिनमध्ये.

एका बाजूला अल-हमराचा डोंगर, दुसऱ्या बाजूला अल्बाइसिनची चढण, मधून दारो. आपल्याकडच्या ओढ्याएवढीच नदी, आणि प्लाझा नुएव्हापाशी तीही जमिनीखाली गडप होते. काठच्या रस्त्यावर अकराव्या शतकातला हमाम अजून उभा आहे. वर गल्ल्या इतक्या अरुंद की टॅक्सी बऱ्याचदा खालीच सोडते. चाकांची बॅग गोट्यांच्या फरसबंदीवर धड चालत नाही. म्हातारी माणसं बरोबर असतील तर घर नदीलगतच बघा. तळमजल्याच्या खोल्यांत ओल असते का, हेही आधी विचारा. जाड भिंती उन्हाळ्यात सुखाच्या, हिवाळ्यात गारठ्याच्या.

इथल्या बागेसकट घराला 'कार्मेन' म्हणतात. शब्द अरबी 'कर्म'वरून, म्हणजे द्राक्षवेल. गल्लीबोळांतल्या जुन्या हौदांना 'अल्हिबे' म्हणतात, तोही अरबीच. माणसं गेली, शब्द राहिले. 2 जानेवारी 1492 रोजी शहर सोपवताना मुसलमानांच्या दीनाची हमी लेखी दिली होती. ती आठ वर्षंही टिकली नाही. 1499 मध्ये सक्तीची धर्मांतरं सुरू झाली आणि बंड पेटलं ते याच वस्तीत. साल्वादोर चर्चच्या जागी वस्तीची मोठी मस्जिद होती. तिचं अंगण अजून तिथे आहे.

नमाजेची पहिली गंमत दिशेची. आपण महाराष्ट्रात पश्चिमेकडे तोंड करतो. इथे किब्ला पूर्वेला, जरासा दक्षिणेकडे झुकलेला. मुलं दोन दिवस चुकतात. जूनमध्ये मगरिब रात्री साडेनऊनंतर, त्यामुळे इशापर्यंत लहानग्यांना जागं ठेवणं कठीणच. सान निकोलासच्या सज्जाशेजारी 2003 मध्ये नवी मस्जिद उघडली. तिच्या बागेतून समोर अल-हमरा दिसतो. जुमा इथेच पढावा.

आता भाड्याचं. पर्यटकांना द्यायच्या घराची नोंदणी आन्दालुसियात 2016 पासून सक्तीची आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे बोलूच नये. वर्षभरासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी: त्यांना करारानंतर नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि राहण्याच्या घराची कायदेशीर अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकी असते.

क्रमांक असला म्हणजे सारं ठीक, असंही नाही. पर्यटकाकडून आठवड्याला जे मिळतं ते गल्लीत राहणारं कुटुंब देऊ शकत नाही. मग घरमालक कुटुंबाला नाही म्हणतो. आमच्या गल्लीत संध्याकाळी निम्म्याहून अधिक खिडक्या अंधाऱ्या असत, आणि दारांना किल्लीच्या पेट्या टांगलेल्या. आपण भाडं देतो म्हणजे त्यात आपलाही हात आलाच. त्यातल्या त्यात मालक स्वतः वर किंवा खाली राहतो असं घर बघावं, महिना नसला तरी दोन आठवडे घ्यावं आणि भाजी कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणावी. आमची मालकीणबाई तळमजल्यावर राहत होत्या. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी डाळिंबं पाठवली; आम्ही थाळी रिकामी कशी परत करणार, म्हणून शिरा करून दिला.