एकूणचाळीस आंकडी कुलूप

शब्दांना आडोसा शब्दांचाच करावा लागतो, आणि त्यांतूनच गुप्तलेखनाचें शास्त्र जन्मास आलें. या शास्त्राचा विषय निघाला, कीं लोकांस परदेशांतील सेनापति आणि हेर आठवतात. आम्हां नागपूरकरांस शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर आठवावें.

इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. पुढें चौदाव्या शतकापासून महानुभावांनीं आपलें वाङ्मय सांकेतिक लिप्यांत उतरविलें. त्यांतील सकळ लिपीचें श्रेय परंपरा रवळोबासांस देते. मूळ अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर वा चिन्ह घालावयाचें, हें तिचें तत्त्व.

हें कुलूप वरवर पाहतां अभेद्य दिसतें. आमच्या वर्णमालेंत ळ धरून व्यंजनें ३४. पहिल्यास ३४ जागा, दुसऱ्यास ३३, तिसऱ्यास ३२. हा गुणाकार शेवटपर्यंत नेला, तर संख्या ३९ आंकडी भरते. दर सेकंदास एक अब्ज किल्ल्या लावून पाहणारें यंत्र विश्वाच्या आरंभापासून चालत असतें, तरी या कामाचा लक्षांशही आज उरकला नसता.

हा हिशेब फळ्यावर मांडला, कीं एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, “मग सर, अशी लिपी उलगडते तरी कशी?” प्रश्न मार्मिक आहे. वेष पालटला, तरी चाल पालटत नाहीं. भाषेंत कांहीं अक्षरें वारंवार येतात, कांहीं क्वचित्. चिन्ह बदललें, तरी हें प्रमाण बदलत नाहीं, असें अल्-किंदी या अरब पंडितानें नवव्या शतकांतच दाखविलें. समजा, व्यंजनें बदललीं आणि मात्रा तशाच राहिल्या. पोथींत पानोपानीं ओ, आ, ई अशा स्वरांचा तीन अक्षरी शब्द भेटूं लागला, तर तो ‘गोसावी’ असावा, हा तर्क सहज सुचतो. ग, स, व हातीं आले. त्यांच्या आधारें पुढचे शब्द उकलूं लागतात. एकूणचाळीस आंकडी डोंगर अशा रीतीनें एका दुपारींही ओलांडतां येतो.

परंतु या कुलपाची किंमत केवळ गणितानें मोजतां येत नाहीं. परक्यांच्या हातीं पडून ग्रंथांची विटंबना होऊं नये, हा पंथाचा हेतु होता, आणि पोथ्या जपल्या गेल्या, हें खरेंच. पण ज्या पंथानें संस्कृत बाजूस सारून सामान्य जनांसाठीं मराठी जवळ केली, त्याचेंच वाङ्मय त्या जनांस शतकानुशतकें परकें राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केली. आणि आमच्या नागपूरचे डॉ. वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं छापून निघालें.

रिद्धपुरीं आतां मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यास कोणाकडे किल्ली मागावी लागत नाहीं. ग्रंथ उघडण्याची इच्छा मात्र त्यानें घरूनच आणावयास हवी.