पणजोबांचे बक्कल

बक्कल हा शब्द आपल्याकडे पोलिसखात्याने अजरामर करून ठेवला आहे. शिपायाचे नाव कुणी विचारीत नाही. बक्कल नंबर तेवढा टिपून घ्यायचा! पण बक्कलावरून माणूस ओळखण्याची विद्या मी पाहिली ती मुलीकडे गेलो असताना, अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात.

तिच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ रोज सकाळी धातू हुडकण्याचे यंत्र घेऊन स्वतःच्या शेतात फिरत. (तिथल्या सरकारी रणभूमींवर असे खणणे गुन्हा आहे, हे घरचे शेत.) तिथे पूर्वजांचे घर होते. आता जोत्याचे दगड आणि बुजलेली विहीर उरली आहे. यंत्र कुंई करून ओरडले, की स्वारी गुडघे टेकून खणायला बसे. निघे बहुधा खिळा. मात्र बक्कल निघाले, की म्हातारबुवांची न्याहारी राहिलीच!

पणजोबा १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढले, असे त्यांच्या घरात सांगत. कागद एकही नाही. तेव्हा फौजी पट्ट्याचे ते लंबगोल पितळी बक्कल, पुढे ‘यू. एस.’ अक्षरे, पाठीत शिसे ओतलेले, ते एकदा हाती लागावे एवढीच त्यांची इच्छा.

निघे ते भलतेच. आधी लोहचुंबक लावायचे. चिकटले तर लोखंड, म्हणजे बहुधा घोड्याचा साज. त्यातल्या काहींच्या एका बाजूला फिरती नळी असते. चामड्याचा पट्टा ओढताना घासू नये म्हणून. बारीक दात असलेले बक्कल विजारीच्या खांदपट्ट्याचे; दात कापडाला धरून ठेवतात. त्यावर कधी पेटंटची तारीख असते. तिच्यावर फार विसंबू नये. वस्तू त्याआधीची नाही, एवढेच ती सांगते. पुढे तोच साचा कितीही वर्षे चाले.

एके दिवशी हिरवी पडलेली एक पितळी चौकट निघाली. मधला लोखंडी भाग गंजून गेलेला. त्यांनी ती टेबलावर ठेवली, तर ती डुलू लागली. पायाच्या उंचवट्यावर बसावी म्हणून तिला बाक दिलेला! म्हणजे बुटाचे बक्कल, अठराव्या शतकातले. त्या शतकाच्या अखेरीस बुटांना नाड्या आल्या आणि बर्मिंगहॅमचे बक्कलवाले पोटावर पाय आला म्हणून इंग्लंडच्या युवराजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. त्याने दरबाऱ्यांना बक्कले घालायला लावली. पण फॅशनपुढे युवराजाचे काय चालणार?

“अहो, ही तर पणजोबांच्याही आधीची!” मी म्हणालो.

“हो,” ते म्हणाले, “पण माझा माणूस तो नव्हे.”

चौकट त्यांनी कागदात गुंडाळली. वर लिहिले: ‘चुलीच्या दगडापासून सहा पावले.’ मग यंत्र उचलून ते विहिरीच्या बाजूला निघाले. न्याहारी निवतच होती.